कुडी तिथेच ठेवून

मालन शिंत्रे दळणाचा डबा घेऊन गिरणीत उभी होती तेव्हा तिच्या फोनची जी किणकिण सुरू झाली, ती पीठ घेऊन घरी येईपर्यंत थांबली नाही. ‘हिमसागराची राखण’ या कादंबरीवर पुन्हा सिनेमा येणार होता. वाचक मंडळाच्या गटावर धो धो निरोप पडत होते. वेणूचं काम कोण करणार? बर्फाखालचा समुद्र खराखुरा दिसणार की कॉम्प्युटरचा निळा चिखल? खलनायक घुसडणार नाहीत ना? शेवट बदलणार नाहीत ना? मालन या मंडळाची अध्यक्ष. दुसरं कुणी तयार झालं नाही म्हणून झालेली, आणि त्याच कारणाने अजून टिकलेली. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त दमल्यासारखं झालं.

कारण हे सगळं एकदा होऊन गेलं होतं. कादंबरीतली वेणू गुरूच्या एका चंद्रावर, बर्फाखालच्या संशोधन केंद्रावर एकटी असते. बाकीची माणसं परत गेलेली, आणि ही एकटी त्या समुद्राची राखण करत बसलेली. तिचं एकटेपण हाच त्या पुस्तकाचा प्राण. तर पहिल्या सिनेमात तिला प्रियकर दिला होता, प्रियकराला जुळा भाऊ दिला होता, आणि उणे दीडशे तापमानात बिनबाह्यांच्या पोलक्यात तिला बर्फावर नाचवली होती. मंडळाची माणसं मध्यंतरात उठून आली आणि थिएटरच्या दारात वडापाव खात एकमेकांचं सांत्वन करत बसली. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेली ती माणसं ताकसुद्धा फुंकून पीत.

पण या वेळी सिनेमा कुणा दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघणार नव्हता, वाचकांच्या डोक्यांतून निघणार होता. ‘डोळस’ नावाच्या कंपनीने या प्रकाराला ‘चित्तपट’ म्हटलं होतं. कोल्हापूर पडलं कुस्तीचं गाव. मंडळाच्या गटावर दुपारपर्यंत त्याचं ‘चीतपट’ होऊन गेलं.

पुढच्या रविवारी कंपनीच्या डॉ. इरावती चिकोडे मंडळाला समजावून सांगायला आल्या. शाळेच्या हॉलमध्ये पंखे घरघरत होते. इरावती तिशीची, निपाणीकडची, आणि स्वतः त्या कादंबरीची वेडी. तिने हातातली टोपी सगळ्यांना दाखवली. सायकल चालवणारे घालतात तसली दिसत होती.

"आपण वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे काहीतरी दिसतं," ती म्हणाली, "पण ते डोळ्यांत नसतं, डोक्याच्या मागच्या बाजूला असतं. खरी वस्तू बघताना मेंदूचा जो भाग काम करतो, तोच वाचताना अर्धवट जागा होतो. मेंदूच्या पेशींतून वीज वाहते आणि वीज वाहिली की भोवती चुंबकत्व आलंच. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अब्जांश म्हणा, इतकं क्षीण. या टोपीत काचेच्या इवल्याशा कुप्या आहेत, त्यांत धातूची वाफ भरलेली. तिला तेवढंही कळतं. आधी तुम्हाला हजारो चित्रं दाखवायची. कुठल्या चित्राला तुमचा मेंदू कसा हलतो, ते यंत्र शिकतं. मग तुम्ही पुस्तक वाचायचं. आता यंत्र उलटं जातं. मेंदू असा हलला, म्हणजे चित्र अमुक असणार."

"माझं चित्र वेगळं आणि ह्यांचं वेगळं असलं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"म्हणून तर हजारो वाचक घ्यायचे. सगळ्यांच्या चित्रांची सरासरी काढायची. तक्रारीला जागाच नाही. तुमच्याच मनातला सिनेमा तुम्हाला दिसणार."

टाळ्या झाल्या. मालनने वाजवल्या नाहीत. तिची सगळी नोकरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली होती, आणि सरासरी म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं. दहा गावांचं दूध एका टाकीत ओतलं की फॅट बरोबर येतं, पण ते दूध कुठल्याच म्हशीचं नसतं. ती तसं म्हणालीही. इरावती हसली.

"अगदी बरोबर, मालनताई. नुसती सरासरी पुसट येते. म्हणून आम्ही एक मध्यवाचक शोधतो. ज्याची चित्रं सगळ्यांच्या चित्रांना सगळ्यांत जवळची, असा एक माणूस. सांगाडा त्याचा, रंग सगळ्यांचे."

घरी आक्का वाटच बघत होती. आक्का म्हणजे मालनची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी, बिनलग्नाची. जन्मभर वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलेली. तिची मूत्रपिंडं गेल्या वर्षी थकली. आता खिडकीपाशी पलंग, पलंगाशी रक्त धुण्याचं यंत्र, आणि यंत्राला जोडलेली आक्का. एके काळची हाडापेराची बाई, आता चादरीखाली आहे की नाही ते हात लावून बघावं लागे. डॉक्टर पुढचं काही बोलायचं टाळत, त्यावरून काय ते कळत होतं. एरवी मंडळासाठी महिन्यातून एकदा कोल्हापूरला येणारी मालन पुण्याचं घर बंद करून तिच्याकडे येऊन राहिली होती.

"काय म्हणतंय तुझं मंडळ?" आक्काने विचारलं.

मालनने सगळं सांगितलं.

"बरं झालं. आता यंत्रच सांगंल, वेणू मेली म्हणून. तोंडात मारल्यासारखं होईल तुला."

"मेली नाही ती. कानातली ठेवली तिनं."

"कानातली ठेवायला ती काय न्हाणीत चालली होती?"

"मागनं कुणी आलं तर त्याला कळावं म्हणून ठेवली."

"येतंय कोण मागनं? गुरूच्या चंद्रावर एस्टी जाती व्हय?"

हे भांडण जुनं होतं, इतकं जुनं की दोघींना एकमेकींची वाक्यं पाठ होती. कादंबरीचा शेवट असा होता: ‘वेणूने एकदाच मागे वळून पाहिलं. मग कुडी तिथेच ठेवून ती निघाली.’ बस्स. लेखकाने त्यापुढे एक अक्षर लिहिलं नाही. आता कुडी म्हणजे कानातली मोत्याची, आणि कुडी म्हणजे हा देहही. वेणूच्या कानात एकच कुडी होती. जोडीतली दुसरी पृथ्वीवर तिच्या आईच्या कानात. आपली कुडी आठवण म्हणून मागे ठेवून वेणू परतीच्या यानात बसली म्हणावं, तर तसं होतं. पण त्याच पुस्तकात केंद्राचा म्हातारा डॉक्टर म्हणतो, "कुडी म्हणजे काय, भाड्याची खोली." ती खोली सोडून वेणू त्या समुद्रात मिसळून गेली म्हणावं, तर तसंही होतं. लेखक वारले, आणि जाताना तेही काही सांगून गेले नाहीत. मंडळात कानातलीवाले आणि देहवाले असे दोन तट होते. मालन कानातलीवाल्यांची म्होरकी. देहवाल्यांची खरी म्होरकी तिच्या घरात पलंगावर पडून होती.

मालनने चाचणीला नाव दिलं ते केवळ आक्काच्या टोमण्यांमुळे. चाचणीच्या खोलीत इरावती म्हणाली, "अंगावरचा धातू सगळा काढा. कानातलंही." मालनने कुड्या काढून ताटलीत ठेवल्या आणि दोघी एकदमच हसल्या. मग टोपी चढली. आधी चित्रं दाखवली, खुर्च्या, गाई, पूर, चेहरे, चित्रंच चित्रं. मग तीन सकाळी पुस्तक, रोज शेवटच्या पानापर्यंत. मालनला ते जवळजवळ पाठ होतं. वाचताना काही वेगळं घडतंय असं तिला वाटलं नाही; मान मात्र अवघडली.

पंधरा दिवसांनी इरावतीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "मालनताई, मध्यवाचक तुम्ही आहात! साऱ्या महाराष्ट्रातून तुम्ही!"

बाई, हे आणखी कुठलं अध्यक्षपद, असंच मालनला आधी वाटलं. पण संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिला आतून बरं वाटलं, हेही खरं. आपण जे पाहत आलो ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. एकट्याच बाईच्या गोष्टीत इतकी माणसं सोबत होती.

भानगड शेवटच्या पानावर होती. ती सांगायला इरावतीने तिला स्टुडिओत बोलावलं. "या एका ओळीवर वाचक अगदी मधोमध फुटलेत. निम्म्यांना मोती दिसतो, निम्म्यांना देह. सरासरी काढली तर पडद्यावर करडं ढेकूळ येतं. म्हणून नियमाप्रमाणे हे पान पूर्ण मध्यवाचकाचं. तुमचं एकटीचं. बघा."

मालन निश्चिंत होती. तिने मनाशी आक्काला सांगायचं वाक्यही तयार केलं होतं.

पडद्यावर केंद्रातली ती अरुंद खोली आली. दिवा तिच्या मनातला, पितळी; लेखकाने पितळेचा उल्लेखही केलेला नव्हता. पाठमोरी वेणू दाराशी. ती वळली. मग दार उघडं, दारापलीकडे काळं पाणी, आणि दाराशी कुणीच नाही. चित्र हळूहळू खाली आलं. बाकावर एक बाई निजली होती. हात छातीवर, डोळे मिटलेले, कानात मोती तसाच. चेहरा आक्काचा होता.

"हे माझं नाही," मालन म्हणाली.

"तुमचंच आहे, ताई. तिन्ही दिवस हेच आलं."

"अगं, मी चाळीस वर्षं कानातली म्हणून भांडते! माणसं माझ्याशी बोलायची बंद झाली त्यापायी."

"तोंडाने काय म्हणता ते यंत्राला कळत नाही." इरावती फार हळू बोलली. "फक्त दिसतं काय ते कळतं."

"कधीपासून दिसतं?"

"ते नाही सांगता येत. आजचं चित्र आज. कालचं काय होतं, त्याची खूण उरत नाही."

मालन खुर्चीत बसून राहिली. घरी जिचं औषध ती वेळच्या वेळी देत होती, जिच्यापाशी बसून ‘दिवाळीला सिनेमा बघू’ म्हणत होती, तिला आपल्या डोक्याच्या मागच्या भागाने केव्हाच बाकावर निजवून टाकलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली. वर इरावतीने आणखी एक गोष्ट सांगितली, कारण पोरगी प्रामाणिक होती. नमुन्याचा भाग पाहिलेल्या वाचकांना पुन्हा टोपी घालून तेच पान वाचायला दिलं, तर बहुतेकांच्या डोक्यात आता सिनेमातलंच चित्र येत होतं. "मेंदू आळशी असतो. तयार चित्र मिळालं की स्वतःचं काढायचे कष्ट घेत नाही."

"म्हणजे हा सिनेमा आला की कुणाची वेणू परत यायची नाही."

"नाही बहुतेक." इरावतीने नजर खाली घातली. "आणि पहिला सिनेमा कुणाच्या डोक्यात राहिला नाही तो वाईट होता म्हणून. हा चांगला होणार आहे."

तिची चित्रं वापरायच्या परवानगीवर सही राहिली होती. मालनने सही केली नाही तर यादीतला पुढचा माणूस मध्यवाचक होणार होता; त्याला मोती दिसत होता. म्हणजे मालनने माघार घेतली तर मालनच जिंकणार होती. तिला हसू आलं नाही. इरावतीने ते चित्र तिच्या फोनवर घालून दिलं. "बहिणीला दाखवा. विचार करून सांगा."

घरी यंत्राची फेरी संपत आली होती. आक्काचे ओठ कोरडे पडले होते, तरी डोळे मिश्किल हसत होते.

"दाखव की. कोण चीतपट झालं?"

मालनने फोन पदराखाली धरला. "मशिन बिघडलं होतं."

"खोटं बोलताना तुझं नाक फुगतं. लहानपणापासून. दाखव."

मालनला रडू फुटलं. त्रेसष्ट वर्षांची बाई, पलंगाच्या कडेला बसून मुलीसारखी रडली. "आक्का, मला तूच दिसलीस गं. तिथं. निजलेली. मी काय वाईट चिंतलेलं नाही, देवाशपथ. कुठनं आलं ते मला माहीत नाही."

यंत्राने ‘फेरी पूर्ण’ म्हणून सांगितलं, ते दोघींनी ऐकलं नाही.

"येडी," आक्का शेवटी म्हणाली. "ते आजचं नाही. तू सात वर्षांची होतीस. मी वाचनालयातनं ते पुस्तक आणलो आणि तुला मोठ्यानं वाचून दाखवलो. त्याच साली आजा गेला होता. ‘नुसती कुडी राहिली’ असं सगळी बोलत होती घरात. मी शेवटची ओळ वाचली आणि तू भोकाड पसरलीस. मेली, मेली म्हणून. शेजारची बायामाणसं गोळा झाली. मला काय सुचंना. मग मी म्हटलो, अगं, कुडी म्हणजे कानातली! कानातली ठेवून गेली ती घरला. आणि माझ्या कानातली काढून तुझ्या हातावर ठेवलो. तवा कुठं गप झालीस."

मालनला यातलं काहीच आठवत नव्हतं. "कानातली तू सांगितलीस? मग माझ्याशी भांडत काय बसलीस एवढी वर्षं?"

"तू मोठी झालीस आणि माझंच मला शिकवायला लागलीस. लई गंमत वाटायची. आणि भांडण नसतं तर पुण्यातनं दर रविवारी फोन केला असतास का?" आक्का दम घ्यायला थांबली. "पहिलं चित्र ते पहिलं. ते आत जाऊन बसलं. तवा मी काय आजारी थोडीच होतो? अठरा वर्षांची होतो. बघ बरं चेहरा."

मालनने फोन पाहिला. बाकावरचा चेहरा खरंच तरुण होता. गालाचं हाड वर आलेलं नव्हतं, केस काळे होते. स्टुडिओत तिला फक्त मिटलेले डोळे दिसले होते.

ती शांत झाली. मग तिच्या मनात आलं, की सात वर्षांच्या पोरीला गप्प करायला जिने अख्ख्या शब्दाचा अर्थ बदलला, तिला त्रेसष्ट वर्षांच्या बाईला गप्प करायला एक गोष्ट रचणं काय अवघड होतं? मनात चेहरे तरुण राहतातच. खरं काय ते यंत्राला सांगता येत नव्हतं, आणि आक्का सांगणार नव्हती. मालनने तिच्या नाकाकडे पाहिलं. आक्काचं नाक कधीच फुगत नसे.

आक्काने कानातली एक कुडी काढली आणि मालनच्या हातावर ठेवली. "घे. गप बस आता."

"एकच?"

"दुसरी राहू दे. मला लागंल."

दुसऱ्या दिवशी मालनने इरावतीला फोन केला. सही देते म्हणाली, पण एका अटीवर. शेवटच्या ओळीला चित्र नको. पडदा काळा, आणि नुसता आवाज. इरावतीच्या वरिष्ठांनी आकाशपाताळ एक केलं. चित्तपट काढायचा आणि चित्रच नाही? लोक खुर्च्या फोडतील, म्हणाले. मालन म्हणाली, "फोडू देत. बाकी सगळी वेणू घ्या, ती तुमची. एवढी एक ओळ ज्याच्या त्याच्या डोक्यात राहू द्या." सांगाडा तिचा होता. तो काढून घेतला असता तर पुढच्या माणसावर सगळं पुन्हा उभारावं लागलं असतं आणि दिवाळी हुकली असती. इरावतीने तिची बाजू घेतली, आणि शेवटी वरचे नमले.

आक्काचा आवाज ध्वनिमुद्रित करायला इरावती घरी आली. आक्काने तिच्या पिशवीकडे संशयाने पाहिलं. "ती टोपी आणली नाहीस ना गं? माझं डोस्कं मी कुणाला दाखवणार नाही." मग तिने चष्मा लावला आणि वाचलं. धाप लागत होती, म्हणून तीनदा वाचावं लागलं. तिसऱ्या वेळी ती ‘कुडी’ शब्दापाशी किंचित थांबली, मालनकडे पाहिलं, आणि पुढे गेली. इरावतीने तेच ठेवलं.

आक्का दिवाळी पाहू शकली नाही. नवरात्रात गेली, सकाळी, चहाची वाट बघता बघता. आवरायला आलेल्या बायका म्हणाल्या, कानातली काढून घ्या. मालनने ती काढू दिली नाही.

सिनेमा लागला तेव्हा मंडळाने पहिल्या खेळाच्या चार रांगा धरल्या होत्या. सिनेमा चांगला होता. फारच चांगला. बर्फ खरा होता, एकटेपण खरं होतं, वेणू अगदी वेणूसारखी होती, आणि मालनला जाणवत होतं की तिची स्वतःची वेणू मिनिटामिनिटाला पुसली जातेय आणि तिच्या जागी ही येऊन बसतेय. तिने त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही; तेवढी ताकद उरली नव्हती. मग वेणू दाराशी गेली, एकदाच वळली, आणि पडदा काळा झाला. काळोखात आक्काचा दमलेला आवाज आला. ‘मग कुडी... तिथेच ठेवून ती निघाली.’ मालनने डोळे मिटले. तिला जे दिसलं ते तिचं होतं.

दिवे लागले. एकही खुर्ची फुटली नाही. पण बाहेर पायऱ्यांवर पोचेपर्यंत आवाज चढले होते.

"मेली, सरळ आहे! आवाजच सांगतोय."

"अहो, आवाजात ती हसतेय! कानातली ठेवली आणि गेली."

"हसत नाही, धाप लागलीय तिला."

एक नवरा-बायको भांडत गाडीपर्यंत गेले आणि भांडायचं राहिलं म्हणून परत आले. आजवर पुस्तकाला हातही न लावलेली पोरं हातवारे करत होती. कुणीतरी मालनला ओळखलं. एक मुलगी गर्दीतून वाट काढत आली, गाल लाल झालेले.

"काकू, तुम्ही मध्यवाचक ना? तुम्हीच सांगा. शेवटी काय ठेवलं तिनं?"

भोवतीची माणसं जवळ सरकली. मालनच्या उजव्या कानात आक्काने दिलेला मोती होता आणि डावा कान मोकळा होता. दिवसभराच्या धावपळीने तिचे पाय दुखत होते.

"कुडी," ती म्हणाली, आणि रिक्षा शोधायला लागली.